पोर्तुगालच्या किनाऱ्यावर निवृत्तीनंतर राहायला जाणे : मिळकत रुपयांत, खर्च युरोत

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. आपले वय एकसष्ट, गोवा सरकारच्या सेवेतून निवृत्त. डिचोलीत राहते घर व लहानसे कुळागर (सुपारीची बाग), पर्वरीत भाड्याने दिलेला एक फ्लॅट. निवृत्तिवेतन महिना ५८ हजार, भाडे २६ हजार आणि ठेवींवरील व्याज साधारण ४० हजार. मुलगा बंगळुरूला स्थिरावलेला आहे. पती-पत्नी दोघांनी पोर्तुगालच्या एखाद्या समुद्रकाठच्या, फार थंडी नसलेल्या आणि स्वस्त शहरात कायमचे राहायला जावे असा विचार आहे. तेव्हा शहर कोणते निवडावे आणि महिन्याला किती रुपये लागतील, असे आपण विचारले आहे. आपल्या वडिलांचा जन्म पोर्तुगीज राजवटीतला आहे, हेही आपण जाता जाता लिहिले आहे. माझ्या दृष्टीने संपूर्ण पत्रातला सर्वांत वजनदार मजकूर तोच आहे.

मी म्हापशात सनदी लेखापाल आहे आणि परदेशी जाणाऱ्या व तेथून परतणाऱ्या गोमंतकीयांचे कर, बँक खाती व मालमत्ता यांचे काम अनेक वर्षे पाहतो. शहर आणि मासिक खर्च हे प्रश्न मी मुद्दाम नंतर घेणार आहे, कारण त्यांची उत्तरे दोन गोष्टींवर अवलंबून आहेत: आपण तेथे कोणत्या नात्याने राहणार, म्हणजे भारतीय पासपोर्टावर व्हिसा घेऊन की पोर्तुगीज नागरिक होऊन, आणि आपली मिळकत रुपयांतच राहणार का. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आपल्या बाबतीत 'होय' असेच आहे. 'पोर्तुगाल स्वस्त आहे' असे सांगणारी बहुतेक माणसे अमेरिकन किंवा ब्रिटिश निवृत्तिवेतनावर जगणारी असतात. त्यांचे म्हणणे खोटे नसते, मात्र ते आपल्याला लागू पडत नाही.

प्रथम व्हिसाचा मार्ग पाहू. नोकरी न करता स्वतःच्या स्थिर मिळकतीवर राहू इच्छिणाऱ्यांसाठी पोर्तुगालचा डी-७ नावाचा व्हिसा आहे. निवृत्तिवेतन, घरभाडे, व्याज असे उत्पन्न त्यासाठी चालते. अर्जदाराचे मासिक उत्पन्न निदान तेथील किमान वेतनाइतके असावे लागते आणि जोडीदारासाठी त्यात आणखी निम्मी रक्कम धरली जाते. किमान वेतन २०२५ मध्ये ८७० युरो होते, २०२६ साठी ते ९२० झाले. म्हणजे आपणा दोघांसाठी १,३८० युरो. हिशेबाच्या सोयीसाठी युरो शंभर रुपयांचा धरला तरी हे १ लाख ३८ हजार होतात. आपली एकूण मिळकत १ लाख २४ हजार आहे. याशिवाय साधारण वर्षभराच्या तेवढ्याच रकमेची शिल्लक तेथील बँकेत दाखवावी लागते, ती सुमारे साडेसोळा लाख रुपयांच्या घरात जाते. आपल्याजवळ ठेवी असल्याने शिल्लक दाखवणे जड जाणार नाही. अडचण मासिक उत्पन्नाची आहे, आणि ती आज चौदा हजारांची दिसत असली तरी तेवढ्यावर थांबणारी नाही.

२०१५ मध्ये हेच किमान वेतन ५०५ युरो होते आणि युरो सत्तर-पंचाहत्तर रुपयांच्या आसपास मिळत असे. म्हणजे एका व्यक्तीची अट तेव्हा रुपयांत छत्तीस-सदतीस हजारांची होती. आज ती ब्याण्णव हजारांच्या वर आहे. दहा-अकरा वर्षांत अडीचपट! एकीकडे त्यांचे किमान वेतन वाढत गेले आणि दुसरीकडे रुपया उतरत गेला. आपले निवृत्तिवेतन महागाई भत्त्याने वाढेल, भाडेही थोडेफार वाढेल, पण त्यांची वाढ या दुहेरी वेगाशी बरोबरी करणारी नाही. निवास परवाना पहिल्यांदा दोन वर्षांचा मिळतो, पुढे तीन वर्षांचा, आणि प्रत्येक नूतनीकरणाच्या वेळी उदरनिर्वाहाचे साधन पुन्हा दाखवावे लागते. त्यामुळे आज काठावर पास होणाऱ्या माणसाने पासष्टाव्या किंवा अडुसष्टाव्या वर्षी काय होईल याचा विचार आजच करायला हवा. माझ्याकडे येणाऱ्यांना मी किमान अटीच्या दीडपट उत्पन्न असल्याशिवाय हा मार्ग सुचवत नाही. हा कोणताही नियम नव्हे, माझा स्वतःचा ठोकताळा आहे.

दुसरा मार्ग आपल्या वडिलांच्या जन्माचा. १९ डिसेंबर १९६१ पूर्वी गोवा, दमण किंवा दीव येथे जन्मलेल्यांना आणि त्यांच्या मुलांना लिस्बनच्या मध्यवर्ती नोंदणी कार्यालयात जन्म नोंदवून पोर्तुगीज नागरिकत्व घेता येते, हे गोव्यात कोणाला सांगायला नको. वाड्यावाड्यावर याची उदाहरणे आहेत. ब्रिटन युरोपीय संघात होते तोवर या पासपोर्टाचा खरा उपयोग इंग्लंडमधले साउथॉल किंवा स्विंडन गाठण्यासाठी होत असे. ती मुक्त वाट २०२० च्या अखेरीस बंद झाली, म्हणून आता प्रत्यक्ष पोर्तुगालमध्येच राहण्याचा विचार करणारे वाढले आहेत. या मार्गाने गेल्यास उत्पन्नाची अट नाही, नूतनीकरण नाही आणि युरोपीय संघाच्या कोणत्याही देशात राहण्याची मुभा मिळते.

पण भारत दुहेरी नागरिकत्व मानत नाही. नागरिकत्व कायदा, १९५५ याच्या नवव्या कलमानुसार स्वेच्छेने दुसऱ्या देशाचे नागरिकत्व घेतले की भारतीय नागरिकत्व संपते. त्यानंतर भारतीय पासपोर्ट वापरत राहणे हा गुन्हा आहे. तो परत करून त्याचा दाखला घ्यावा लागतो आणि मग ओसीआय, म्हणजे परदेशी नागरिक झालेल्या मूळच्या भारतीयांना मिळणाऱ्या कार्डासाठी अर्ज करता येतो. ओसीआय कार्डावर गोव्यात येता-जाता, राहता येते. मतदान करता येत नाही आणि शेतजमीन किंवा बागायत विकत घेता येत नाही. आपले डिचोलीचे कुळागर आपल्याकडेच राहू शकते, कारण भारतात निवासी असताना मिळालेली मालमत्ता पुढे धारण करण्यास परकीय चलन कायद्याची आडकाठी नाही. मात्र ते कधी विकायचे झाल्यास भारतात राहणाऱ्या भारतीय नागरिकालाच विकावे लागेल, आणि शेजारचा तुकडा जोडून घेण्याची संधी आली तर ती आपल्यासाठी नसेल. ज्याचे निम्मे आयुष्य त्या सुपारीच्या बागेत गेले आहे त्याने हा मुद्दा कागदोपत्री समजून सोडून देऊ नये.

या दोन मार्गांत एक फरक असा आहे, जो दलाल सहसा सांगत नाहीत. वर्षात १८३ दिवसांहून अधिक काळ तेथे राहिल्यास, किंवा तेथे कायमचे राहते घर ठेवल्यास, पोर्तुगाल आपल्याला करनिवासी मानतो आणि आपल्या जगभरच्या उत्पन्नावर कर आकारतो. दर चढता आहे, वरचा टप्पा ४८ टक्क्यांचा. भारत व पोर्तुगाल यांच्यात दुहेरी कर टाळण्याचा करार असल्याने इथे भरलेल्या कराची वजावट तेथे मिळते. सरकारी सेवेबद्दलच्या निवृत्तिवेतनाबाबत अशा करारांची सर्वसाधारण मांडणी अशी असते, की ते देणाऱ्या सरकारच्या देशातच करपात्र ठरते. परंतु ती व्यक्ती दुसऱ्या देशाची रहिवासी असून नागरिकही असेल, तर कर लावण्याचा हक्क त्या दुसऱ्या देशाकडे जातो. म्हणजे भारतीय पासपोर्टावर राहणाऱ्या निवृत्त सरकारी कर्मचाऱ्याचे निवृत्तिवेतन आणि पोर्तुगीज पासपोर्टावर राहणाऱ्याचे निवृत्तिवेतन यांची वाट एकाच गल्लीत राहूनही वेगळी होऊ शकते. परदेशी निवृत्तिवेतनावर तेथे नाममात्र कर लागतो असे सांगणारे जुने व्हिडिओ अजून फिरत असतात. ती सवलत नव्याने जाणाऱ्यांसाठी २०२४ च्या आरंभापासून बंद झाली आहे.

इकडच्या बाजूला काय बदलते, तेही पाहू. आपण कायमचे निघालात की साधे बचत खाते चालत नाही. ते एनआरओ, म्हणजे अनिवासी माणसाच्या भारतातील मिळकतीसाठीच्या खात्यात बदलावे लागते. निवृत्तिवेतन, भाडे व व्याज तेथे जमा होते आणि कर भरल्यावर बाहेर पाठवता येते. मात्र भाडेकरूच्या डोक्याला ताप होतो. घरमालक अनिवासी झाला की भाडे कितीही लहान असले तरी भाडेकरूला त्यातून ३१.२ टक्के टीडीएस कापून भरावा लागतो. आज आपला पर्वरीचा भाडेकरू २६ हजार सरळ खात्यात टाकतो; उद्या त्याला करकपातीचे विवरणपत्र भरायला सांगितल्यावर तो नवीन घर शोधू लागला तर नवल मानू नये. व्याजावरही त्याच दराने कपात होते. करारातला कमी दर मिळतो, पण त्यासाठी तेथील करनिवासाचा दाखला दरवर्षी बँकेला द्यावा लागतो. कापलेला जादा कर विवरणपत्र भरून परत मिळतो, हे खरे. परंतु तो मिळेपर्यंतचे महिने आपल्याला युरोत काढायचे आहेत, आणि घरभाडे दर महिन्याला द्यावे लागते.

गोव्याच्या माणसाला आणखी एक वेगळेपण आहे. पोर्तुगीज नागरी संहितेनुसार विवाह झाल्यानंतर पती-पत्नीची मालमत्ता सामाईक असते, आणि आयकर कायदाही हे मान्य करून वेतनाखेरीज इतर उत्पन्न दोघांत निम्मे-निम्मे विभागतो. आपले भाडे व व्याज असे विभागले जाते. निवृत्तिवेतन वेतनाच्या सदरात येत असल्याने ते विभागले जात नाही. मुंबई-पुण्याच्या सल्लागारांकडून विवरणपत्रे भरून घेणाऱ्यांच्या बाबतीत ही विभागणी राहून गेलेली मी वारंवार पाहतो. आपली मागील वर्षांची विवरणपत्रे या नजरेने एकदा तपासून घ्यावीत, कारण व्हिसाच्या अर्जासोबत तीच जोडली जातात.

निघण्याच्या तारखेबाबतही एक गैरसमज पसरलेला आहे. 'सप्टेंबरअखेर देश सोडला की त्या वर्षी अनिवासी' हा नियम नोकरीसाठी जाणाऱ्यांचा आहे. निवृत्तीनंतर राहायला जाणाऱ्याला ती सवलत नाही. त्या आर्थिक वर्षात साठ दिवस भारतात झाले आणि आधीच्या चार वर्षांत ३६५ दिवस झालेले असले, तर तो त्या वर्षापुरता निवासीच राहतो. आपण ऑक्टोबरात गेलात तर मार्चपर्यंत भारताच्या दृष्टीने निवासी आणि त्याच काळात पोर्तुगालच्याही दृष्टीने निवासी असाल. यातून मार्ग निघतो, पण कागद वाढतात. एप्रिलच्या पूर्वार्धात जाणे सर्वांत सुटसुटीत. तेथील बँकेत ठेवायची शिल्लक निघण्यापूर्वी, निवासी असतानाच पाठवावी. एका आर्थिक वर्षात माणशी दहा लाखांच्या वरच्या रकमेवर बँक २० टक्के टीसीएस, म्हणजे रक्कम पाठवतानाच वसूल होणारा आगाऊ कर, घेते. ती मर्यादा प्रत्येकाची स्वतंत्र असल्याने साडेसोळा लाख दोघांच्या नावे विभागून पाठवल्यास तो प्रश्न उद्भवत नाही.

आणि फ्लॅट विकण्याचा विचार मनात असेल तर तोही निघण्यापूर्वीच. निवासी विक्रेत्याकडून पन्नास लाख किंवा त्याहून अधिक किमतीच्या व्यवहारात खरेदीदार १ टक्का कर कापतो. अनिवासी विक्रेत्याकडून दीर्घकालीन नफ्यासाठी १२.५ टक्के आणि वर अधिभार, उपकर. शिवाय जुलै २०२४ पूर्वी घेतलेल्या घरासाठी महागाई निर्देशांकाचा फायदा घेऊन २० टक्क्यांनी कर भरण्याचा पर्याय फक्त निवासी व्यक्तींना आहे. राहते घर मात्र विकू नये. माझा यावर ठाम आग्रह असतो, आणि त्याचे कारण पुढे हवामान व आरोग्य यांबद्दल लिहिताना येईल.

आता शहर. लिस्बनचे भाडे आपल्या मिळकतीत बसत नाही, म्हणून ते सोडून देऊ. पोर्तो पावसाळी व थंड आहे. उरतात दक्षिणेकडील अल्गार्व्हचा किनारा, लिस्बनच्या खाली सुमारे पन्नास किलोमीटरवरील सेतुबाल, आणि मदेरा बेटावरील फुंशाल. अल्गार्व्हमध्ये फारो, पोर्तिमांव यांसारखी शहरे हिवाळ्यात शांत व तुलनेने स्वस्त असतात, परंतु तेथील अनेक घरमालक उन्हाळ्याचे महिने पर्यटकांसाठी राखून ठेवतात आणि जूनमध्ये घर रिकामे मागतात. कळंगुट-बागा पाहिलेल्या माणसाला याचे आश्चर्य वाटू नये. फुंशाल हेच खऱ्या अर्थाने आपल्या मनातले शहर आहे: जानेवारीतही रात्रीचा पारा सहसा तेरा-चौदा अंशांच्या खाली उतरत नाही, पुष्कळ हिरवळ आहे, केळीच्या बागा आहेत. परंतु ते शहर डोंगरउतारावर वसलेले आहे, रस्ते चढाचे आहेत, आणि विमानतळावर आडवे वारे सुटले की विमाने वळवली जातात. साठीनंतर गुडघ्यांचा विचार करूनच तेथे घर पाहावे. सेतुबाल त्या मानाने सपाट, कामकरी लोकांचे, मासळीबाजाराचे शहर आहे. लिस्बन परिसराचा ४० युरोंचा मासिक बसपास तेथेही चालतो आणि पासष्टीनंतर तो निम्म्या दरात मिळतो. गाडी न चालवता राहायचे असेल, आणि आपण तसेच राहावे असे मला वाटते, तर माझे मत सेतुबालच्या बाजूने पडते.

थंडीबद्दल मात्र सावध करतो. सेतुबालला जानेवारीच्या रात्री पाच-सहा अंशांपर्यंत पारा उतरतो. आकडा ऐकून दिल्लीच्या मानाने काहीच नाही असे वाटते. पण तेथील जुन्या घरांत घर गरम ठेवण्याची सोय नसते, भिंती ओल धरतात आणि पाऊस नेमका हिवाळ्यात पडतो. आपल्याकडून गेलेली माणसे बाहेरच्या थंडीपेक्षा घरातल्या गारठ्याची तक्रार अधिक करतात. विजेवर घर तापवायचे तर बिल वाढते, आणि ते 'महिना किती लागतो' या व्हिडिओतल्या हिशेबात नसते.

मासिक खर्चाचे उत्तर भाड्यावर ठरते. सेतुबाल काय किंवा फुंशाल काय, एका शयनगृहाचे नीटनेटके घर नऊशे-हजार युरोंच्या खाली मिळणे आता अवघड झाले आहे. नव्याने आलेल्या परदेशी भाडेकरूकडे घरमालक स्थानिक हमीदार मागतात, नाहीतर कित्येक महिन्यांचे भाडे आगाऊ. करार तेथील करखात्यात नोंदवलेला असावा. न नोंदवलेला करार थोडा स्वस्त पडतो, पण पत्त्याचा पुरावा म्हणून परवान्याच्या कामी त्याचा भरवसा नसतो. दोघांचे किराणा, मासळी, वीज-पाणी, फोन, औषधे धरून भाड्यावर आणखी सहाशे-सातशे युरो काटकसरीने लागतात. म्हणजे दीड ते पावणेदोन लाख रुपये, तेही गोव्याला एकदा ये-जा करण्याचे भाडे आणि डिचोलीच्या घराची निगा न धरता. आपण म्हणता तसे साठ-सत्तर हजारांत तेथे राहता येत नाही.

आरोग्यसेवा ही पोर्तुगालची जमेची बाजू आहे. निवास परवाना मिळाल्यावर सार्वजनिक आरोग्यसेवेत नाव नोंदवता येते आणि खर्च नगण्य असतो. परंतु तेथे पंधरा लाखांहून अधिक लोकांना नेमून दिलेला कुटुंबवैद्य नाही, त्यामुळे तज्ज्ञाकडे पोहोचायला वेळ लागतो, आणि दात तर बहुतांशी खाजगीतच. परवाना देणाऱ्या आयमा या संस्थेकडे, जिने ऑक्टोबर २०२३ मध्ये जुन्या खात्याची जागा घेतली, प्रलंबित प्रकरणांचा मोठा ढीग होता. मधल्या काळात खाजगी विम्यावर भागवावे लागते, आणि साठीनंतर आधीचे आजार वगळूनच विमा मिळतो. आपल्याला मधुमेह आहे असे आपण लिहिले आहे. अशा वेळी गोव्यात बांबोळीच्या सरकारी रुग्णालयात परत येऊन उपचार घेणे हाच बहुतेकांचा खरा आधार असतो. राहते घर विकू नये म्हणतो, ते यासाठी.

हे सर्व पाहता आपल्या आजच्या आकड्यांवर डी-७ चा अर्ज करू नये असे माझे मत आहे. नागरिकत्वाचा मार्ग उत्पन्नाची अट टाळतो, पण महिन्याची तूट भरून काढत नाही. केवळ व्हिसा मिळत नाही म्हणून भारतीय नागरिकत्व सोडणे मला योग्य वाटत नाही. फ्लॅट विकून आलेल्या रकमेच्या व्याजामुळे किंवा मुलाच्या नियमित हातभारामुळे मिळकत दोन लाखांच्या आसपास जाणार असेल, तर विचार पुन्हा करता येईल. त्याआधी साध्या शेंगेन (युरोपातल्या अल्पकाळच्या भेटीच्या) व्हिसावर जाऊन जानेवारी-फेब्रुवारीत सेतुबालला एक घर भाड्याने घेऊन राहून पाहावे. १८० दिवसांत ९० दिवसांची मुभा असते. जूनमध्ये जाऊ नये. त्या महिन्यात सगळेच किनारे आवडतात.

वर्षाचे सहा महिने तेथे आणि पावसाळ्याखेरीज सहा महिने गोव्यात, अशीही कल्पना आपण मांडली आहे. डी-७ च्या परवान्यावर सलग सहा महिने, किंवा परवान्याच्या मुदतीत तुटक मिळून आठ महिने, याहून अधिक काळ देशाबाहेर राहिल्यास परवाना धोक्यात येतो. म्हणून ती कल्पना फक्त पोर्तुगीज पासपोर्टावरच शक्य आहे.

कधी ना कधी जाण्याचे ठरलेच, तर डिचोलीच्या घरासाठी माणूस नेमून जावे, कारण बंद कौलारू घर दोन पावसाळे धड काढत नाही. कुळागराच्या एक-चौदाच्या उताऱ्यावर (गोव्यातला सात-बारा) भावंडांची नावे एकत्र असतील तर वाटणीची इन्व्हेंटरी, म्हणजे वारसांतील वाटपाची न्यायालयीन प्रक्रिया, इथे असतानाच पुरी करावी. परदेशातून ती लांबते. नोव्हेंबरातील हयातीचा दाखला परदेशातूनही देता येतो, तो चुकवू नये. मुलाच्या नावे मुखत्यारपत्र करायचे असेल तर ते घरपट्टी, वीज, भाडेवसुली व बँकेची कामे एवढ्यापुरतेच ठेवावे. विक्रीचा अधिकार त्यात घालू नये. तशी वेळ आलीच तर लिस्बनच्या भारतीय दूतावासात साक्षांकित करून किंवा अपॉस्टिल (कागद परदेशात ग्राह्य धरण्यासाठीचा सरकारी शिक्का) घेऊन, त्या एका व्यवहारापुरते स्वतंत्र मुखत्यारपत्र पाठवता येते, आणि मालमत्ता सामाईक असल्याने त्यावर आपल्याबरोबर वहिनींचीही सही लागेल.